रायगड पायी पाहताना

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गटातल्या बायका रायगडला गेलो होतो. रोपवेने काही मिनिटांत वर जाता येते. पण आम्ही पायऱ्यांनीच चढायचे ठरवले. चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत. बसत, पाणी पीत, एकमेकींना हात देत चढलो.

पायथ्याला पाचाड गाव आहे. तिथे जिजाऊंच्या वाड्याचे अवशेष आणि त्यांची समाधी आहे. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक गडावर झाला आणि १७ जूनला जिजाऊ गेल्या. लेकाला सिंहासनावर बसलेले पाहिले आणि डोळे मिटले.

वाट चढताना महादरवाजा दिसतच नाही. दोन मोठ्या बुरुजांच्या आड तो लपवला आहे. अगदी जवळ गेल्यावरच कळते, की दार इथे आहे.

वर गेलो आणि आम्ही पाहिले ते आधी पाणी! गंगासागर तलाव भरलेला होता. कोकणात पाऊस कोसळतो, पण डोंगरावर पाणी अडवले नाही तर उन्हाळ्यात घशाला कोरड. राजधानी वसवायची तर आधी पाण्याची सोय, हे हिरोजी इंदुलकरांनी बांधकाम करताना ओळखले होते. राणीवशात सहा महालांची जोती आहेत आणि तिथे शौचकूपही आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी बायकांची ही अडचण ओळखली होती. आपल्याकडे किती घरांत ही सोय कालपरवा झाली, ते तुम्हीच आठवा.

बाजारपेठेत दोन रांगांत समोरासमोर दुकानांची जोती आहेत. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून ती उंच ठेवली, असे सांगतात. पुढे हिरकणी बुरूज. दूध विकायला आलेली गवळण दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली, ही लोककथा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे.

पण याच गडावर आणखी एक आई होती. तिची गोष्ट आपण फार कमी सांगतो. १६८९ साली मोगलांनी संभाजी महाराजांना पकडून ठार मारले. त्यांच्या पत्नी येसूबाई गडावर होत्या. मुलगा शाहू जेमतेम सात वर्षांचा. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा गडाला वेढा पडला. माझ्याच मुलाला गादी द्या, असे त्या म्हणाल्या असत्या तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र एकोणीस वर्षांच्या दिराला, राजारामांना पुढे केले आणि गडाबाहेर पाठवले. सगळेच एका ठिकाणी सापडले तर राज्य बुडेल, हे त्यांनी जाणले. स्वतः लेकरासह मागे राहून त्यांनी गड काही महिने लढवला. नोव्हेंबरमध्ये गड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. शाहूंची सुटका १७०७ मध्ये झाली. येसूबाई परत आल्या त्या १७१९ मध्ये. मध्ये तीस वर्षे गेली होती.

राजाराम निसटले म्हणून लढा चालू राहिला. तो निर्णय पती गेल्याच्या दुःखात, वेढ्याच्या दिवसांत एका बाईने घेतला.

मैत्रिणींनो, हिरकणीची गोष्ट लेकींना सांगतो तशी येसूबाईंचीही सांगू या. गडावर जाल तेव्हा पाण्याची बाटली घ्या, पायात घट्ट चप्पल-बूट घाला आणि भर पावसात पायऱ्या टाळा. पुढच्या बैठकीत सहलीसाठी महिना थोडे पैसे बाजूला टाकायचा विषय घ्या.