जामिनाच्या तारखेआधी

८ ऑक्टोबर २०२० (मृत्यूच्या २७० दिवस आधी)
एल्गार परिषद प्रकरणात एनआयएने जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामींना रांचीत अटक केली. वय ८३. पार्किन्सनने हात थरथरणारे, कानांनी नीट ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी मुंबई, मग तळोजा कारागृह.

६ नोव्हेंबर (२४१ दिवस)
हातात पेला धरवत नाही, म्हणून स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज. एनआयएने उत्तर द्यायला २० दिवस मागितले. म्हाताऱ्या माणसाने पाणी कसं प्यायचं, यासाठी २० दिवस! आत सहआरोपी अरुण फरेरा त्यांना न्याहारी-जेवणाला मदत करत, व्हर्नन गोन्साल्विस आंघोळ घालायला हात देत. गुडघे चोळून देणारेही कैदीच. जी शुश्रूषा सरकारने करायची, ती कच्चे कैदी करत होते.

मे २०२१, मध्य
ताप, खोकला, अंगात त्राण नाही. हे जेझुइट सहकाऱ्यांना कळलं ते स्वामींच्याच फोनवरून. संन्यस्त माणसाचं कुटुंब ते हेच. आतला माणूस आजारी पडला की बाहेरच्यांच्या हाती काही मिनिटांचा फोन येतो. मग पुढचा फोन येईपर्यंत जिवाला घोर. धड रिपोर्ट मिळत नाही, औषध चालू आहे का तेही कळत नाही. तळोजाच्या दवाखान्यात फक्त आयुर्वेदिक डॉक्टर आहेत, हे वकील मिहिर देसाईंना उच्च न्यायालयात सांगावं लागलं.

२१ मे (४५ दिवस)
स्वामी व्हिडिओ कॉन्फरन्सवरून न्यायमूर्तींशी बोलले. आलो तेव्हा मी चालत होतो, स्वतः जेवत होतो, लिहीत होतो. आता एकेक जातंय. जे. जे. रुग्णालय त्यांनी नाकारलं. मागणं एकच होतं, आपल्या माणसांत राहू द्या.

२८ मे (३८ दिवस)
न्यायालयाच्या आदेशाने वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात. तिथल्या चाचणीत कोविड निघाला.

३ जुलै, शनिवार
स्वामी अतिदक्षता विभागात. जामिनावरची सुनावणी मंगळवारवर, ६ जुलैवर गेली.

४ जुलै, पहाटे साडेचार (सुमारे ३३ तास)
हृदय बंद पडलं. व्हेंटिलेटर.

५ जुलै, सकाळ
देसाईंनी तातडीच्या सुनावणीची विनंती केली. वेळ मिळाली दुपारी अडीचची.

दुपारी १.२४
स्वामी गेले.

दुपारी २.३०
न्या. एस. एस. शिंदे आणि न्या. एन. जे. जामदार यांच्या खंडपीठापुढे जामीन अर्जाचा पुकारा झाला. होली फॅमिलीच्या डॉ. इयान डिसूझांनी मृत्यूची माहिती दिली. कोठडीतला मृत्यू म्हणून दंडाधिकारी चौकशी ठरली आणि पार्थिव स्वामींचे जेझुइट सहकारी फादर फ्रेझर मस्करेन्हस यांच्या स्वाधीन करायचा आदेश झाला. खटला तेव्हा सुरूही झाला नव्हता.