दमयंतीचे दुसरे स्वयंवर

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानाचा उत्तरार्ध. द्यूतात राज्य हरलेल्या युधिष्ठिराला ही कथा बृहदश्व ऋषी सांगतात. घटनास्थळ विदर्भाची राजधानी कुंडिनपूर. परंपरेने ते म्हणजे अमरावती जिल्ह्यातील, तिवसा तालुक्यातले वर्धाकाठचे कौंडिण्यपूर. गावाची ओळख आज रुक्मिणीचे माहेर अशी आहे, पंढरपूरला पालखी जाते तीही तिचीच. दमयंतीही इथलीच लेक, हे मात्र सांगावे लागते.

जुगारात सर्वस्व गमावलेला दमयंतीचा पती नल अरण्यात तिला पुन्हा पुन्हा विदर्भाची वाट दाखवतो : हा विंध्य, ही पयोष्णी (अभ्यासक तिला कधी पूर्णा म्हणतात, कधी तापी). त्याच्या मनात काय शिजते आहे ते ती तिथेच ओळखते. जायचेच तर दोघे जाऊ, म्हणते. रात्री ती झोपल्यावर दोघांत उरलेले एकच वस्त्र तलवारीने अर्धे कापून तो निघून जातो. कलीने पछाडले होते, ही सबब कथेनेच पुरवली आहे. पण तो कितीदा मागे फिरून तिला पाहतो, ते वाचल्यावर ती सबब पटत नाही.

माहेरी पोचलेली दमयंती बापाला कळू न देता, आईच्या संमतीने, सुदेव ब्राह्मणाकरवी अयोध्येच्या ऋतुपर्णाला खोटा निरोप धाडते : उद्या सूर्योदयाला दमयंती दुसरा पती वरणार. एका दिवसात हा पल्ला गाठणारा सारथी एकच, आणि कुरूप झालेला नल बाहुक नावाने ऋतुपर्णाकडेच चाकरीला असतो. वाटेत तो राजाकडून फाशांची विद्या शिकतो; कली अंगातून निघून बेहड्याच्या झाडात शिरतो. संध्याकाळी रथ पोचतो तर लग्नघराची कसलीच लगबग नाही. ओशाळलेला ऋतुपर्ण दमयंतीच्या बापाला, भीमराजाला, सांगतो, सहज भेटीला आलो. १०० योजनांवरून! बाहुकाने रांधलेल्या मांसाची चव घेऊन दमयंती खूणगाठ बांधते. तरी दुसऱ्या लग्नाचा जाब विचारतो तो नलच.

रोबेर ब्रेसाँच्या ‘ले दाम द्यू ब्वा द बुलोन्य’ (१९४५) या फ्रेंच चित्रपटातली एलेन असाच डाव टाकते. आपले प्रेम ओसरले, असे ती खोटेच सांगते. प्रियकर सुटकेचा निःश्वास टाकतो आणि तिचा सूड सुरू होतो. कुंडिनपुरातली थाप ऐकून प्रियकर घोडे पिटाळत येतो.

मराठीत रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे हंस आणि पहिले स्वयंवर घरोघर पोचले; दुसऱ्याच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी आली नाही.