गाण्याचा पैसा कोणाचा?

परवा हिंडलग्याला आमच्या ओसरीवर शेजारचा एक विद्यार्थी भ्रमणध्वनीवर लता मंगेशकरांचे जुने गीत ऐकत बसला होता. ऐकता ऐकता त्याने विचारले, "सर, या गाण्याचे पैसे कोणाला मिळतात?" प्रश्न लहान, परंतु त्याच्या पोटात साठाहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

तबकड्यांच्या काळी चित्रपटगीताच्या गायकास मेहनताना एकदाच मिळे. तबकडी पुढे कितीही खपो, तिची रॉयल्टी मुख्यतः निर्मात्याकडे जाई. १९६०च्या दशकात लताबाईंनी तीत गायकाचा वाटा मागितला. महंमद रफींचे मत असे की, मेहनताना घेतला की आपला हक्क संपला. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणेच सोडले होते.

कायदाही लताबाईंच्या मदतीस येण्यासारखा नव्हता. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात गायकास स्थान नव्हते. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या गीतसंगीताचा पहिला मालक, करारात वेगळे नसेल तर, निर्माताच होय. त्याच वेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या उपेक्षेबद्दल खंतही नोंदविली. गायकाचा हक्क कायद्यात आला तो १९९४ साली. २०१२च्या दुरुस्तीने मोठे पाऊल टाकले. तिच्यासाठी कवी जावेद अख्तर राज्यसभेत झगडले. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातील रॉयल्टीत गीतकार व संगीतकार यांना मालकाच्या बरोबरीचा वाटा मिळाला आणि तो करारानेही काढून घेता येणार नाही, असे ठरले.

तोवर तबकडी गेली होती. २००३ साली ॲपल कंपनीने अमेरिकेत ९९ सेंटांना एक गाणे विकावयास काढले. त्यातील सुमारे ७० सेंट ध्वनिमुद्रण कंपनीकडे जात आणि कलावंताचा वाटा त्यातून, करारानुसार, निघे. आता तर विक्रीही मागे पडली. बहुतेक सेवांत साऱ्या वर्गण्या एका राशीत जमतात आणि एकूण किती वेळा कोणाची गाणी वाजली, त्या प्रमाणात वाटल्या जातात. आमच्या विद्यार्थ्याने वर्गणी भरून महिनाभर केवळ लताबाई ऐकल्या, तरी त्याचा बराचसा पैसा त्याने कधी न ऐकलेल्या गाण्यांकडे जाईल.

यंत्र बदलले, वाटणीचा वाद राहिला. कायद्याने हक्क दिला. पण गीत कोणी रचले, चाल कोणी बांधली, याची नोंदच नसेल, तर पैसा पोहोचावा कोणाकडे? म्हणून त्या मुलास मी इतकेच म्हणालो, "बाळा, गाणे आवडले की आधी कवीचे नाव विचारीत जा." आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण खोटी ठरविण्याची सुरुवात तेथूनच होते.