पिशवीच्या तळाशी एक काडतूस

१७४९ साली म्हैसूरच्या फौजेने देवनहळ्ळीच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा हैदर अली नावाचा शिपाई प्रथम वरिष्ठांच्या नजरेत भरला. त्याच देवनहळ्ळीत २००८ पासून बंगळुरूचा विमानतळ आहे, आणि तेथे विसरलेल्या एका काडतुसानेही माणूस अडकतो.

लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली, युरोपीयांना वगळले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, परवाना राहिलाच. या अधिनियमाच्या कलम ३ चा भंग बंदुकीने होतो तसाच एका काडतुसानेही होतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला दोन ते पाच वर्षांची कैद आहे.

मग विसराळू प्रवाशाचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात सांगितले की ताबा म्हणजे नुसते जवळ असणे नव्हे, त्यात जाणीव हवी. याच सूत्रावर दिल्ली उच्च न्यायालयाने सामानात काडतूस सापडल्याचे अनेक गुन्हे रद्द केले आहेत.

पण जाणीव क्ष-किरण यंत्रात दिसत नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान (हे दल विमानतळांवर आले ते २००० साली, कंदाहार प्रकरणानंतर) प्रवाशाला स्थानिक पोलिसांच्या हवाली करतो आणि गुन्हा नोंदवला जातो. परवाना दाखवल्यास बाजू बळकट होते खरी. तरी सुटकेसाठी बहुधा उच्च न्यायालयच गाठावे लागते. विवेकाधिकार इतक्या उंचावर ठेवणे मला, प्रशासनात आयुष्य काढूनही, महागडे वाटते. परदेशस्थ मराठी माणसाला तर ते अधिकच जाचते, कारण खटला प्रलंबित असेतो नव्या पारपत्रासाठीही न्यायालयाची परवानगी मागावी लागते.