रंग आणि भावस्थिती : ‘माया दर्पण’ (१९७२) व ‘दुविधा’ (१९७३) या प्रयोगशील चित्रपटांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिताना कथा, संगीत व सामाजिक आशय यांची दखल जितक्या तपशिलाने घेतली जाते, तितकी रंगाची घेतली जात नाही. चित्रपट रंगीत केव्हा झाला याची नोंद होते; त्या रंगाने प्रेक्षकाच्या मनात कोणती भावस्थिती निर्माण केली, याची सहसा होत नाही. कुमार शहानी यांचा ‘माया दर्पण’ (१९७२) आणि मणी कौल यांचा ‘दुविधा’ (१९७३) या दोन हिंदी चित्रपटांनी रंगाला कथेच्या सजावटीतून बाहेर काढले. प्रस्तुत लेखात या दोन चित्रपटांतील रंग व प्रतिमायोजनेचा विचार केला असून, असा रंग इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वसनीय राहतो, हा प्रश्नही तपासला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रंगीत चित्रपटाचे आकर्षण भारतात बोलपटाइतकेच जुने आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करून घेण्यात आल्या. परंतु तो प्रयत्न यशस्वी झाला नाही. त्यानंतर ‘किसान कन्या’ (१९३७) हा रंगीत चित्रपट भारतातच प्रक्रिया होऊन प्रदर्शित झाला. व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) व ‘नवरंग’ (१९५९) या चित्रपटांत रंग हा नृत्याचे, वेशभूषेचे व नेपथ्याचे वैभव दाखविणारा घटक होता. रंगीत फिल्म महाग असल्याने ज्यावर खर्च केला ते ठळकपणे दिसले पाहिजे, ही व्यावसायिक अपेक्षाही त्यामागे होती.

याच प्रभातच्या पुण्यातील स्टुडिओच्या जागेत १९६० साली केंद्र शासनाने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली. शहानी आणि कौल हे दोघेही तेथील विद्यार्थी व ऋत्विक घटक हे त्यांचे शिक्षक. शहानी यांच्यावर इतिहासकार दा. ध. कोसंबी यांच्या विचारांचाही प्रभाव होता. पुढे फ्रान्समध्ये त्यांनी रॉबेर ब्रेसाँ यांच्या ‘युन फाम दूस’ (१९६९) या चित्रपटासाठी साहाय्यक म्हणून काम केले. ब्रेसाँ यांचा हा पहिलाच रंगीत चित्रपट होता, ही बाब येथे लक्षणीय आहे. कौल यांनी ‘उसकी रोटी’ या कृष्णधवल चित्रपटातच अमृता शेरगिल यांच्या चित्रांपासून दृश्यरचनेची प्रेरणा घेतली होती. चित्रकलेशी असलेले हे नाते रंगीत माध्यमात अधिक दृढ झाले.

‘माया दर्पण’ : आवरून धरलेला रंग

निर्मल वर्मा यांच्या कथेवर आधारित हा चित्रपट फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या अर्थसाहाय्याने तयार झाला. छायालेखन के. के. महाजन यांचे, तर संगीत भास्कर चंदावरकर यांचे होते. राजस्थानातील एका लहान गावात, ओसरलेल्या सरंजामी वैभवाच्या हवेलीत राहणारी अविवाहित तरन ही त्याची नायिका. वडिलांची प्रतिष्ठा तिला बाहेर जाऊ देत नाही आणि घरात तिच्यासाठी काही घडत नाही.

हे ‘काही न घडणे’ शहानी संवादांतून सांगत नाहीत. हवेलीच्या भिंतींचे मातकट रंग, रिकामे सोपे, त्यांतून तरनचे पुनःपुन्हा येणे-जाणे आणि तिच्यासोबत संथपणे सरकणारा कॅमेरा यांतून घुसमट साकार होते. रंगांत विविधता नसल्यामुळे प्रेक्षकाची दृष्टीही तरनप्रमाणेच कोंडली जाते. भाऊ राहतो त्या आसामची हिरवाई म्हणूनच केवळ एका प्रदेशाचे वर्णन राहत नाही. त्या रखरखाटात ती मुक्ततेची शक्यता ठरते. अखेरच्या भागातील छाऊ नृत्याच्या दृश्यात तोपर्यंत आवरून धरलेली ऊर्जा मोकळी होते. येथे भावनेचा उद्रेक पात्राच्या चेहऱ्यावर नसून रंग, गती आणि ताल यांच्या बदलात आहे.

‘दुविधा’ : लाल, पांढरा आणि प्रकाश

विजयदान देथा यांनी लिहिलेल्या लोककथेवर आधारित ‘दुविधा’चे चित्रीकरण देथा यांच्या बोरुंदा या गावी झाले. छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी तो १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केला व नंतर ३५ मिलिमीटरवर त्याचे रूपांतर करण्यात आले. चित्रकार अकबर पदमसी यांचे या निर्मितीला सहकार्य लाभले. नायिकेची भूमिका त्यांची कन्या रायसा पदमसी यांनी केली.

लग्न होताच व्यापारासाठी निघून जाणारा नवरा, नववधूवर मोहित झालेले भूत आणि नवऱ्याचे रूप घेऊन आल्यावर भुताने तिला सांगितलेले सत्य, असे हे कथानक आहे. भुताची कथा म्हटली की अंधार, सावल्या व निळसर प्रकाश ही ठरीव योजना अपेक्षित असते. कौल यांनी ती नाकारली. भूत आणि नवरा दोघेही एकाच नटाने साकारले असून दोघेही त्याच स्वच्छ उजेडात वावरतात. चुना दिलेल्या पांढऱ्या भिंती व त्यांच्यापुढे वधूची लाल ओढणी, एवढ्या मोजक्या साधनांवर चित्रपट उभा आहे. खोली टाळून सपाट पृष्ठभागावर मांडलेल्या आकृती राजस्थानी लघुचित्रांची आठवण करून देतात. मध्येच गोठणाऱ्या चौकटी त्या आठवणीला बळ देतात.

नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक वर्ण नेमून दिलेला आहे; रौद्र रसाचा वर्ण लाल मानला आहे. ‘दुविधा’तील लाल रंग असा संकेत म्हणून वाचता येत नाही. आरंभी तो सौभाग्याचा रंग असतो. नवरा निघून गेल्यावर तोच प्रतीक्षेचा होतो आणि भुताचा स्वीकार केल्यावर तिच्या स्वतःच्या इच्छेचा. शेवटी भूत कातडी पखालीत कोंडले जाते, खरा नवरा परत येतो आणि त्याच रंगात तिचे मौन उरते. रंग बदलत नाही. त्याच्याभोवतीची परिस्थिती बदलते आणि त्यानुसार भावस्थिती पालटते. याच कथेवर अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘पहेली’ (२००५) या चित्रपटातील रंगांची उधळण पाहिली असता, कौल यांनी किती वगळले होते हे ध्यानात येते.

आक्षेप व त्यांचे मूल्यमापन

दोन्ही चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मात्र प्रेक्षक फारसे लाभले नाहीत. सत्यजित राय यांनी १९७४ च्या लेखात दोहोंवर परखड टीका केली. संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने १९७६ साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कलात्मक चित्रपटांवरील गुंतवणुकीबाबत नापसंती दर्शविली. सार्वजनिक पैशातून तयार होणारा चित्रपट लोकांपर्यंत पोहोचला पाहिजे, या आग्रहात तथ्य आहे. तथापि या चित्रपटांत भावना नाही, हा आक्षेप टिकत नाही. भावना अभिनयात शोधणाऱ्यास ती सापडत नाही, कारण ती चौकटीच्या रंगात व कालावधीत ठेवलेली आहे.

साधनांचा प्रश्न

येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक गंभीर अडचण उभी राहते. त्या काळातील रंगीत फिल्मवरील रंगद्रव्ये कालांतराने फिकी पडतात. अनेक प्रतींत निळसर छटा आधी जाते आणि संपूर्ण चित्र तांबूस होते. ज्या चित्रपटाचा आशयच पांढऱ्याशेजारच्या लाल रंगात आहे, त्याची तांबूस झालेली प्रत म्हणजे अक्षरे पुसलेली सनद होय. कथा व संवाद शाबूत राहतात. भावस्थिती मात्र हरवते. म्हणून अशा चित्रपटावर लिहिताना कोणती प्रत पाहिली, ती मूळ प्रतीच्या किती जवळची आहे आणि पुनर्संस्करणात रंग कोणत्या आधारे निश्चित केले, याची नोंद ही साधनचिकित्सेचा भाग मानली पाहिजे.

समारोप

‘माया दर्पण’ आणि ‘दुविधा’ यांनी रंगाला अलंकार किंवा ठरीव प्रतीक न मानता अनुभव घडविणारे द्रव्य मानले. एकाने रंग रोखून धरून घुसमट निर्माण केली. दुसऱ्याने एकच रंग कायम ठेवून त्याचा अर्थ पालटविला. कौल २०११ साली व शहानी २०२४ साली निवर्तले. त्यांच्या चित्रपटांचे जतन करताना केवळ कथानक वाचविणे पुरेसे नाही. रंग वाचविणे हेच त्या चित्रपटांचे वाचणे होय.