हातांचे शब्द, दुसऱ्याचा आवाज

१९६७ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, वॉटरफर्ड येथील यूजीन ओनील नाट्यकेंद्रात 'नॅशनल थिएटर ऑफ द डेफ' ही नाटकमंडळी उभी राहिली. तिचा संस्थापक डेव्हिड हेज हा ब्रॉडवेवरील ऐकू येणारा नेपथ्यकार होता. तिचा आद्य नट बर्नार्ड ब्रॅग हा बधिर आईबापांचा बधिर मुलगा, मार्सेल मार्सोपाशी मूकाभिनय शिकून आलेला. बधिर नटांनी खुणांच्या भाषेत भूमिका करावयाची आणि त्यांच्यातच वावरणाऱ्या मोजक्या ऐकणाऱ्या नटांनी तेच संवाद इंग्रजीत बोलावयाचे, अशी योजना होती.

आपल्याकडील वाचकाला येथे हस्ताभिनय आठवेल; पण तेथे हात गायिलेल्या पदाचा अर्थ दाखवितो, येथे हात हेच वाक्य असते. त्या वाक्याची रचना इंग्रजीहून निराळी. म्हणून दोन्ही भाषांचा मेळ हा तालमीतला सर्वांत कष्टाचा भाग ठरतो.

खुणांना व्याकरण असते, हे गॅलॉडेट महाविद्यालयातील विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिले होते. तरीही १८८०च्या मिलान परिषदेने शाळांमधून खुणा हद्दपार करण्याचा जो पुरस्कार केला, त्याचा पगडा ओसरला नव्हता. १९६७ मध्ये हा प्रयोग दूरचित्रवाणीवर यावयाचा ठरताच अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावाच्या संघटनेने हरकत घेतली : खुणांचे असे प्रदर्शन झाल्यास मुलांना बोलावयास शिकविण्याच्या कार्याला बाध येईल. प्रक्षेपण झालेच. पुढे, १९७७ मध्ये, मंडळीला विशेष टोनी पुरस्कारही लाभला. ऐकणाऱ्यांची दाद मात्र पुष्कळदा हातांच्या सौंदर्यापाशीच थांबे; त्या हातांना काही म्हणावयाचे आहे, हे मागे पडे.

हे म्हणणे रंगभूमीवर उघड झाले ते मार्क मेडॉफच्या 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' या नाटकात (ब्रॉडवे, १९८०). नायिका सारा खुणांनी बोलते आणि तिचा शिक्षक, पुढे पती झालेला जेम्स, तिची वाक्ये इंग्रजीत उच्चारीत जातो. त्यावाचून ऐकणाऱ्या प्रेक्षकाला तिचे बोलणे कळणारच नाही. आणि साराचे बंड तर आपल्या वतीने इतरांनी बोलण्याविरुद्धच आहे! नाटकाची सोय हाच नाटकाचा विषय होऊन बसतो. ही भूमिका करणारी फिलिस फ्रेलिक त्याच मंडळीतली; त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी तिला मिळाला.

लॉस एंजल्समध्ये १९९१ साली स्थापन झालेल्या 'डेफ वेस्ट थिएटर'ने २००३ मध्ये ब्रॉडवेवर आणलेल्या 'बिग रिव्हर' या संगीतिकेत ही सोय उलटी करून पाहिली. हक फिनचे काम बधिर नटाकडे आणि त्याचा आवाज मार्क ट्वेनची भूमिका करणाऱ्या नटाकडे. म्हणजे लेखकच पात्राचा आवाज झाला. एका गाण्यात तर गायन आणि वाद्ये एकाएकी थांबतात. रंगमंचावरील सारे नट, ऐकणारे आणि बधिर, ते पद केवळ हातांनी पुढे चालू ठेवतात. तेवढा वेळ कानांवर विसंबलेला प्रेक्षक दुभाष्यावाचून असतो.