धाकटी गुराब

मोलगीत बसून लढाऊ जहाजांविषयी लिहावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. अक्कलकुव्याहून घाट चढून सातपुड्यात आले की समुद्राची आठवण करून देणारे काही दिसत नाही. बाजारात आमचूर आणि भगर, उतारांवर साग, उत्तरेला खोल दरीतून नर्मदा. पण साग हाच तर मुद्दा आहे. दक्षिणेला सपाटीवरून वाहणारी तापी सुरतेपुढे समुद्राला मिळते. त्याच सुरतेहून 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया जहाजे बांधण्यासाठी मुंबईला गेला. पुढे 1842 मध्ये डांगातली सागाची जंगले इंग्रजांनी भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतली, तीही जहाजांच्या लाकडासाठीच. डोंगरातल्या माणसाला समुद्र परका असेल, जहाज अगदीच परके नाही.

तेव्हा समजा, या भागातल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर हातभर लांबीचे लाकडी लढाऊ जहाज सापडले: धुराने काळवंडलेले, दोर तुटलेले, एक डोलकाठी आडवी झालेली. त्याचे करायचे काय? आपल्याकडे उत्तर ठरलेले असते. ओल्या फडक्याने पुसायचे, सुताराकडून नवी डोलकाठी बसवायची, वर रोगणाचा हात द्यायचा आणि पाहुण्यांना दिसेल असे मांडायचे. इतक्या प्रेमाने एखाद्या वस्तूचा घात क्वचितच होत असेल.

घात म्हणण्याचे कारण आहे. शिवाजी महाराजांनी उभारलेले आणि कान्होजी आंग्र्यांनी दर्यावर गाजवलेले जे आरमार, त्यातले एकही जहाज आज उरलेले नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांनी तोफा डागल्या, एका जहाजाला आग लागली, आणि तुळाजी आंग्र्यांचे जवळजवळ सारे आरमार जळून गेले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही गोष्ट आपण हळू आवाजात सांगतो. पण जहाजांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. आपल्या कारागिरांची विद्या कागदावर नव्हतीच. ती डोळ्यांत आणि हातांत होती. मुंबईला 1817 साली वाडियांनी बांधलेल्या ‘त्रिंकोमाली’ या सागवानी युद्धनौकेची हकिकत याच्या नेमकी उलट आहे. तिचे नकाशे विलायतेहून निघाले ते ‘जावा’ नावाच्या जहाजातून. 1812 च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकनांनी ते जहाज नष्ट केले, नकाशे गेले, तर दुसरी प्रत पाठवण्यात आली. ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. आपल्या गुराबेची दुसरी प्रत कोण पाठवणार? म्हणून एखाद्या जाणत्या हाताने केलेली लहानशी प्रतिकृतीसुद्धा मोडी कागदाइतकीच साक्षीदार ठरू शकते. मोडी कागद रोगणात बुडवून चकचकीत करण्याचे कुणाच्या मनातही येणार नाही.

अर्थात सापडलेली प्रत्येक नौका मराठी आरमारातली नसते. आधी ती काय आहे ते पाहावे. गुराबेचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात करून ठेवले आहे, आणि शत्रूच्या बाजूचा माणूस असला तरी ते उपयोगी आहे. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची, दोन काठ्यांची 150 च्या आसपास. तळ उथळ, मध्यभाग रुंद, पुढे निमुळती होत गेलेली आणि अखेर चोचीसारखी लांब पुढे आलेली नाळ. गुराब हा शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थ कावळा, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नाळेच्या मागे लाकडी आडभिंत आणि तिच्यातून समोर रोखलेल्या दोन मोठ्या तोफा, ही तिची खरी खूण. गलबत वेगळे. ते 70 टनांच्या वर सहसा जात नाही. दोन डोलकाठ्या, त्यांतली मागची लहान, पुढच्या काठीवर एक मोठे त्रिकोणी शीड, 40 ते 50 वल्ही, आणि हलक्या गलबतावर चिरलेल्या बांबूंचा तक्ता. तुमच्या नौकेच्या दोन्ही बाजूंना तोफांच्या खिडक्यांच्या ओळी असतील, नाळ बोथट गोल असेल आणि तिन्ही काठ्यांवर चौकोनी शिडे असतील, तर ती विलायती घडणीची. म्हणून ती कमी मोलाची होत नाही. मुंबईच्या गोदीत तशीच जहाजे बांधली गेली.

मग वय. नौकेवर कोरलेल्या सालावर विश्वास ठेवू नये. साल कोरायला पाच मिनिटे लागतात. खिळे पाहावेत. टोकदार यांत्रिक स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधी प्रचारात नव्हते, प्लायवूड विसाव्या शतकातले, नायलॉनचा दोर 1938 नंतरचा. मात्र नवा दोर दिसला म्हणून सारी नौका नवी असे नव्हे. दोर आजोबांनीही बदलला असेल. बुडाच्या फळ्यांचे जोड भिंगाखाली पाहिले तर अधिक कळते. सुरतेकडचे कारागीर एका फळीच्या कडेत खाच पाडून तिच्यात दुसरीची जीभ बसवीत. प्रतिकृतीत ती रीत उतरली असेल, तर करणारा गोदीत वावरलेला होता असे मानायला जागा आहे. शोभेच्या वस्तू करणारा जिथे नजर पोचत नाही तिथे कधीच कष्ट घेत नाही.

आता जतन. पहिला नियम हात न लावण्याचा. सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, मोजमापे लिहावीत, कोणता तुकडा कुठे पडला होता तेही लिहावे. धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने, वरून खाली, दोरांना न ओढता झाडावी. पाणी नको, तेल नको. मोलगीचा पावसाळा मोठा, आणि त्यानंतरचा उन्हाळा तितकाच कोरडा. लाकूड फुगते, आक्रसते, आणि जोड सुटतात ते या खेचाखेचीत. म्हणून बाहेरची भिंत, खिडकीचे ऊन आणि चूल या तिन्हींपासून नौका दूर ठेवावी. बारीक भोकांखाली ताजा पिठासारखा भुगा दिसला तर कीड जिवंत आहे. नौका घरातल्या इतर लाकडापासून वेगळी करावी, पण औषध फवारू नये. तोफा शिशाच्या असतील आणि त्यांवर पांढरी भुकटी आली असेल तर ती विषारी आहे. बोटे लावू नयेत, मुलांना जवळ येऊ देऊ नये. अशा नौकेला नव्या प्लायवूडच्या बंद पेटीत ठेवणे म्हणजे दुखण्यात भर. त्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनेच शिसे खाल्ले जाते.

मोडलेली डोलकाठी डिंकाने चिकटवण्याचा मोह फार होतो. ती कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून, नौकेजवळच ठेवावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे स्वतंत्र केंद्र आहे. तिथल्या जाणकारांना आधी छायाचित्रे दाखवावीत, नौका नंतर हलवावी. इतका खटाटोप एका खेळण्यासाठी, असे घरचे म्हणतील. त्यांना अजिंठ्याची गोष्ट सांगावी. तिथल्या पाचव्या शतकातल्या एका भित्तिचित्रात जहाज रंगवलेले आहे. नकाशा नाही, मोजमाप नाही, केवळ चित्र. त्यावरून गोव्यात काथ्याने शिवलेल्या फळ्यांचे पूर्ण जहाज बांधले गेले, आधी त्याची प्रतिकृती करून ती मद्रासच्या आयआयटीत पाण्यात तपासली गेली, आणि मे 2025 मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ नावाने ते नौदलात दाखल झाले. गुराबेसाठी अजून असे कुणी केलेले माझ्या पाहण्यात नाही. करणाऱ्याला हाताशी काय लागेल, हे माळ्यावरच्या फडक्यावर आणि रोगणाच्या डब्यावर अवलंबून आहे.